समासातले प्रश्न: पटणारं लिहायला शिकवणाऱ्या एका ऑनलाइन कोर्सचं परीक्षण

वाचकाला धरून ठेवणारं आणि पटणारं लिहायला शिकवणारा हा ऑनलाइन कोर्स मी नुकताच पूर्ण केला. घ्यावा का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर स्पष्ट आहे. लेखी अभिप्रायासह मिळणारा पर्याय जरूर घ्या. नुसते व्हिडिओ पाहायचा विचार असेल तर राहू द्या. व्हिडिओंमधलं बरंचसं इतरत्रही वाचायला मिळतं, पण अभिप्राय देणाऱ्या बाईंनी माझ्या मजकुराच्या समासात जे लिहिलं, ते मला आजवर कुठेच मिळालं नव्हतं.

मी कोण, हे आधी सांगते, म्हणजे माझा निकष कळेल. मी एका रक्तपेढीत जनसंपर्काचं काम पाहते. दात्यांना पत्रं, फोनवर जाणारे मेसेज, भिंतीवरच्या सूचना, रुग्णाच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रकं, हे सगळं माझ्या हातून जातं. मजकूर वाचून माणूस आला की तो चांगला, नाही आला की त्यात काहीतरी कमी पडलं. वाक्य किती देखणं झालं यावर पिशवी भरत नाही. त्यामुळे लेखनाचं कोणतंही तंत्र दिसलं की मी पहिल्यांदा एवढंच पाहते, की दमून घरी परतलेला, फोन हातात घेऊन उभा असलेला माणूस हे वाचून काय करेल.

कोर्सचे आठ भाग आहेत: वाचक, सुरुवात, रचना, पुरावे, वाक्य, शंका, आवाहन आणि पुनर्लेखन. प्रत्येक भागात काही छोटी व्याख्यानं आणि शेवटी एक स्वाध्याय. स्वाध्याय लिहून पाठवला की काही दिवसांनी तो परत येतो, समासात शेरे लिहून.

या शेऱ्यांबद्दल सविस्तर सांगायला हवं. आपल्यापैकी बहुतेकांना शेरे म्हणजे दुरुस्त्या माहीत आहेत: हा शब्द खोडा, इथे स्वल्पविराम द्या, वाक्य लांबलं. इथल्या बाई दुरुस्ती करतच नाहीत. वाक्यांशेजारी त्या फक्त प्रश्न लिहितात, आणि ते प्रश्न तिथवर वाचून वाचकाच्या मनात आलेले असतात. "कुणाला?" "किती?" "हे तुम्हाला कसं कळलं?" "मग मी काय करू?" काही वाक्यांपुढे काहीच नसतं. रिकामी जागा म्हणजे वाक्य वाईट असं नाही. कधी त्या वाक्याने आधीच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर दिलेलं असतं. पण सलग चार वाक्यांपुढे समास कोरा दिसला, तर वाचकाला तिथे काही विचारावंसंच वाटलेलं नाही, म्हणजे तो केव्हाच निघून गेलाय, असं त्या समजावून सांगतात.

आमच्या कार्यालयात वर्षानुवर्षं फिरत आलेला एक मसुदा मी पहिल्या स्वाध्यायासाठी मुद्दाम पाठवला. असा मजकूर तुम्हीही शेकडो वेळा पाहिला असेल:

"रक्तदान हे श्रेष्ठ दान असून प्रत्येक सुदृढ नागरिकाने आपले सामाजिक कर्तव्य समजून रक्तदान करणे ही काळाची गरज आहे. सध्या रक्ताची मोठ्या प्रमाणावर टंचाई भासत असून फारच कमी नागरिक रक्तदानासाठी पुढे येतात, ही खेदाची बाब आहे. तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहून सहकार्य करावे, असे आवाहन करण्यात येत आहे."

परत आला तेव्हा पहिल्या वाक्याचा समास कोरा होता. दुसऱ्यापुढे तीन प्रश्न होते: "किती टंचाई?", "का?" आणि "बाकीचे देत नाहीत, तर मीच का द्यावं?" तिसऱ्यापुढे होतं: "कोण आवाहन करतंय?"

शेवटचा प्रश्न वाचून मी थांबले. खरंच, "आवाहन करण्यात येत आहे" या वाक्यात माणूसच नाही. सरकारी पत्रव्यवहारातून ही धाटणी आपल्या सगळ्यांच्या लेखणीत उतरली आहे. करण्यात येते, देण्यात येईल, कळविण्यात येत आहे. ज्या वाक्यात विनंती करणाराच दिसत नाही, त्या विनंतीला नाही म्हणणं फार सोपं जातं. "आम्हाला तुमची गरज आहे" असं म्हटलं की समोर कुणीतरी उभं राहतं.

पण मला जास्त मोलाचा वाटला तो "मीच का द्यावं?" हा प्रश्न. कमी लोक येतात असं सांगितलं की वाचकाला कळवळा येईल, असं आपण धरून चालतो. होतं उलटंच. अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे दगड झालेल्या प्राचीन लाकडाचे तुकडे पर्यटक उचलून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. आधीच्या अनेक पर्यटकांनी लाकूड नेल्यामुळे जंगलाचं रूप पालटलं, असं सांगणारी पाटी जिथे होती तिथे खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळजवळ 8 टक्के तुकडे चोरीला गेले. कृपया लाकूड नेऊ नका, एवढंच सांगणाऱ्या पाटीजवळ हे प्रमाण 2 टक्क्यांहूनही कमी होतं. "सगळेच असं करतात" हे दुःखाने सांगितलं, तरी ऐकणाऱ्याला ते चालतं असंच ऐकू येतं. आमच्या मसुद्यातली "खेदाची बाब" अगदी याच जातीची. रक्तपेढ्या, ग्रंथालयं, सोसायट्या, शाळा, सगळ्यांच्या सूचनांमध्ये हे वाक्य सापडेल. व्याख्यानात हा प्रयोग दोन मिनिटांत उरकला आहे. माझ्या मते त्याला एक पूर्ण भाग द्यायला हवा होता.

वाचकावरचा पहिला भाग मात्र मनापासून आवडला. त्यात एलिझाबेथ न्यूटन यांचा स्टॅनफर्ड विद्यापीठातला 1990 सालचा प्रयोग सांगितला आहे. काही लोकांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितलं. ऐकणाऱ्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं, निम्मी तरी ओळखली जातील. 120 पैकी ओळखली गेली 3. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल सुरू असते, ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र नुसती टकटक पडते.

आमच्या क्षेत्रात ही टकटक दिवसभर चालू असते. "रक्ताचे घटक वेगळे केले जातात" असं आम्ही बिनदिक्कत लिहितो, कारण आमच्या डोळ्यांसमोर यंत्र, पिशव्या, वेगवेगळ्या कपाटांचं तापमान सगळं असतं. समासात बाईंनी विचारलं, "कशासाठी?" उत्तर अगदी साधं आहे. एका पिशवीतून लाल पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा असे भाग निघतात, म्हणून एका दात्याचं रक्त एकाहून अधिक रुग्णांच्या कामी येऊ शकतं. दात्याला हे कळलं तर त्याला आपल्या येण्याचं मोल कळतं, आणि तेच आम्ही लिहीत नव्हतो.

पुराव्यांच्या भागाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. तिथे 2007 साली प्रसिद्ध झालेला स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक यांचा अभ्यास सांगितला आहे. मदतीचं आवाहन करताना एका गटाला आफ्रिकेतल्या माली देशातल्या एका सात वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं, दुसऱ्या गटाला उपासमारीची मोठमोठी आकडेवारी दिली. मुलीबद्दल वाचणाऱ्यांनी आकडेवारी वाचणाऱ्यांपेक्षा दुपटीहून जास्त पैसे दिले. मुलगी आणि आकडेवारी दोन्ही एकत्र दिली, तेव्हा मदत नुसत्या मुलीच्या वेळेपेक्षा पुष्कळ कमी झाली. इथवर सगळं ठीक. पण व्याख्यानात यावरून आकडे टाळा, गोष्ट सांगा, असा सरसकट सल्ला दिला आहे. तो मला पटत नाही. लाखांचा आकडा माणसाच्या हातात येत नाही, हे खरं. पण काही आकडे असे असतात की ते स्वतःच गोष्ट सांगतात. प्लेटलेट्स साधारण 5 दिवस टिकतात. लाल पेशी थंड ठेवून जास्तीत जास्त 42 दिवस. हे दोन आकडे शेजारी ठेवले की काही न समजावता वाचकाला कळतं, की एकदा भरपूर गोळा करून ठेवू, असं का चालत नाही. समासातल्या "का?" या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर मला दुसऱ्या कशातून देता आलं नसतं. एका रुग्णाची करुण कथा सांगूनही देता आलं नसतं. शिवाय रुग्णांच्या कथा वापरताना त्यांची परवानगी, त्यांचा खासगीपणा हे प्रश्न उभे राहतात, आणि त्याबद्दल कोर्समध्ये एक शब्दही नाही. ही उणीव मला गंभीर वाटते.

वाक्याच्या भागात मराठीचा खास विचार केला आहे, याचं मला फार बरं वाटलं. लेखनाचे बहुतेक सल्ले इंग्रजी वाक्यावर बेतलेले असतात आणि आपल्या वाक्यावर ते बसत नाहीत. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, आणि जोर साधारणपणे क्रियापदाच्या अगदी आधीच्या जागेवर पडतो. "उद्या रक्तपेढीला तुमची गरज आहे" आणि "रक्तपेढीला तुमची गरज उद्या आहे" ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा. शब्द तेच, पण पहिल्यात "तुमची गरज" कानात राहते, दुसऱ्यात "उद्या". वाचकाने दिवस लक्षात ठेवावा असं वाटत असेल तर दिवस त्या जागी आणायचा. एवढी एकच गोष्ट माझ्या मेसेजमध्ये रोज उपयोगी पडते, कारण फोनवर वाचणारा माणूस एक वाक्य वाचतो, फार तर दोन.

याच भागात "असून", "करून", "येऊन" यांची माळ कशी तोडायची, हेही चांगलं दाखवलं आहे. लांब वाक्य वाईट नसतं. पण ज्या लांब वाक्यात मुख्य क्रिया शेवटपर्यंत कळत नाही, ते वाचताना माणूस सगळे तुकडे मनात धरून बसतो आणि थकतो. बाईंची शिफारस अशी की मुख्य गोष्ट आधी छोट्या वाक्यात सांगून टाकावी आणि तपशील पुढच्या वाक्यात मोकळेपणाने येऊ द्यावा. सगळीच वाक्यं "आहे"वर संपायला लागली की मजकूर एकसुरी होतो, हेही त्या ऐकवून दाखवतात. डोळ्यांना ते दिसत नाही, कानाला लगेच कळतं.

शंकांचा भाग या कोर्सचा कळस आहे. वाचकाच्या मनातली हरकत आपणच आधी मांडावी आणि तिला सरळ उत्तर द्यावं, हा त्याचा गाभा. हरकत मांडून उत्तरच दिलं नाही, तर ती फक्त वाचकाच्या मनात पेरली जाते, हा इशाराही ठळकपणे दिला आहे. ॲरिस्टॉटलने सांगितलेल्या इथॉस, पॅथॉस आणि लोगॉस या तीन गोष्टी इथे ओझरत्या येतात. म्हणजे बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. त्यातली मला लागू पडलेली गोष्ट अशी, की विश्वासार्हता बोलणाऱ्याच्या आधीच्या नावलौकिकातून नव्हे, तर बोलण्यातूनच उभी राहिली पाहिजे, असं ॲरिस्टॉटलचं म्हणणं. रक्तदात्यांच्या बाबतीत सगळ्यात मोठी न बोललेली शंका एकच असते: दुखतं का? आमच्या जुन्या पत्रकांमध्ये "रक्तदान पूर्णपणे वेदनारहित" असं छापलेलं असे. सुई टोचून घेतलेल्या माणसाला ते खोटं आहे हे माहीत असतं, आणि एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

या भागानंतर तोच जुना मसुदा मी पुन्हा लिहिला:

"प्लेटलेट्स साधारण 5 दिवस टिकतात. या सोमवारी जमा झालेल्या प्लेटलेट्स पुढच्या सोमवारी कुणालाही देता येत नाहीत. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांना त्या लागतात, आणि कधी लागतील हे आधी सांगता येत नाही. म्हणून आम्हाला सगळे दाते एकाच दिवशी नकोत, वर्षभर थोडे थोडे हवेत. सुई टोचताना क्षणभर दुखतं. रक्त घ्यायला साधारण 10 मिनिटं लागतात. आधीची तपासणी आणि नंतरची विश्रांती धरून तासभर हाताशी ठेवा. तुम्हाला कोणता वार सोयीचा, तेवढं या नंबरवर कळवा."

यावर समासात एकच प्रश्न आला: "मला मधुमेह आहे, चालेल का?" हा प्रश्न विचारणारा वाचक निघून गेलेला नाही, तो यायच्या तयारीत आहे. त्याच्यासाठी मी खाली एक ओळ वाढवली: "औषधं चालू असतील तर येण्याआधी फोन करा, आमचे डॉक्टर सांगतील."

आता खटकलेल्या गोष्टी.

"सुरुवात" हा भाग कमजोर आहे. मथळ्यांचे तयार साचे दिले आहेत, गूढ निर्माण करणारे, वाचकाला टोचणारे. असे मथळे वाचक आता लांबूनच ओळखतो. शिवाय "माणसाचं लक्ष गोल्डफिशपेक्षाही कमी वेळ टिकतं" हा दावा इथे आठ सेकंदांच्या आकड्यासकट सांगितला आहे. त्याला आधार देणारं कोणतंही संशोधन नाही, आणि माझ्या अनुभवाशीही तो जुळत नाही. घरच्या माणसाच्या शस्त्रक्रियेआधी दिलेलं चार पानी माहितीपत्रक लोक उभ्या उभ्या दोनदा वाचतात. लक्ष टिकतं की नाही हे माणसाला त्या मजकुराची किती गरज आहे यावर ठरतं, आणि वाचकाच्या बुद्धीबद्दल अशी हलकी कल्पना मनात धरून लिहिलेलं लेखन वाचकाला कळतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आवाहनाच्या भागात मानसशास्त्रज्ञ एलन लँगर आणि सहकाऱ्यांचा 1978 सालचा झेरॉक्स मशीनचा प्रयोग अर्धाच सांगितला आहे. रांगेत पुढे जाऊ द्या, 5 पानं काढायची आहेत, एवढंच म्हटलं तर 60 टक्के लोकांनी जाऊ दिलं. घाईत असल्याचं खरं कारण दिलं तेव्हा 94 टक्के. आणि "कारण मला कॉपी काढायच्या आहेत" असं पोकळ कारण दिलं तेव्हाही 93 टक्के. इथे व्याख्यान थांबतं आणि सांगतं, कारण कोणतंही द्या, लोक ऐकतात. पण प्रयोग इथे थांबला नव्हता. विनंती 20 पानांची झाली तेव्हा पोकळ कारणाचा काडीचाही उपयोग झाला नाही. कारण न देता आणि पोकळ कारण देऊन, दोन्ही वेळा 24 टक्केच लोकांनी जाऊ दिलं. खरं कारण दिल्यावर प्रमाण 42 टक्क्यांवर गेलं. म्हणजे विनंती छोटी असेल तर लोक फारसा विचार करत नाहीत, मोठी झाली की करतात. कुणाचं रक्त मागणं ही 20 पानांची विनंती आहे. देणगी मागणं, नोकरीसाठी अर्ज करणं, मत बदलायला सांगणं, जे जे लिहिताना आपल्याला पटवण्याची खरी गरज भासते, ते सगळं 20 पानांचंच असतं. शिकणाऱ्यांना अर्धा प्रयोग सांगून पोकळ कारणांवर भरवसा ठेवायला शिकवणं चुकीचं आहे, आणि पुढच्या आवृत्तीत हा भाग दुरुस्त करावा असं मी त्यांना अभिप्रायाच्या अर्जात सविस्तर लिहिलं आहे.

रचनेचा भाग ठीक. पुनर्लेखनाचा भाग छोटा पण उपयुक्त; मोठ्याने वाचा, एक रात्र जाऊ द्या, पहिला परिच्छेद काढून पाहा, हे सल्ले जुने असले तरी योग्य जागी दिले आहेत.

कुणी घेऊ नये? ज्यांना कथा-कविता लिहायच्या आहेत त्यांनी. इथला सगळा विचार वाचकाने पुढे काहीतरी करावं अशा लेखनाचा आहे: पत्रं, निवेदनं, अर्ज, जाहिराती, सूचना. शाळा-कॉलेजात शिकवणारे, संस्थांमध्ये काम करणारे, स्वतःचा छोटा व्यवसाय चालवणारे यांना मात्र अगदी मनापासून सुचवेन.

घेणार असाल तर दोन सूचना. भाग क्रमाने करू नका. पहिल्यानंतर थेट शंकांचा भाग करा, मग पुरावे आणि वाक्य, आणि मथळ्यांचा भाग शेवटी वेळ उरला तर. आणि स्वाध्यायासाठी दिलेले नमुना विषय घेऊ नका. तुमच्या टेबलावर आत्ता पडलेला, येत्या आठवड्यात कुणाला तरी खरोखर जाणार असलेला मजकूर पाठवा. अभिप्राय यायला काही दिवस लागतात, तेवढी सवड धरूनच पाठवा.